महामार्गाचा भराव: माती कुठली आणि पाणी कोणाच्या शेतात?

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूरदरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. कामाचा वेग कौतुकास्पदच होता. पण वरचा डांबरी थर काही सेंटीमीटर जाडीचा असतो आणि काही वर्षांनी तो बदलताही येतो. त्याखालचा मातीचा भराव आणि त्यातून काढलेल्या मोऱ्या मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे तशाच राहतात. शेजारच्या शिवाराचे पाणी कुठे जाणार, हे त्या मोऱ्यांवर ठरते.

रस्तेबांधणीत अलीकडे 'शाश्वत रचना' हा शब्द सतत ऐकू येतो. दुतर्फा झाडे, सौर दिवे, डांबरात प्लॅस्टिकचा वापर, वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग, असे त्याचे अनेक पैलू आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र दोनच प्रश्न कळीचे आहेत. भरावासाठी माती कुठून आणली? आणि भरावामुळे अडलेले पाणी कुठे जाणार? दोन्हींची उत्तरे नीट असतील, तर महामार्गामुळे गावात जलसाठा तयार होऊ शकतो. ती चुकली, तर ज्याची एक गुंठाही जमीन संपादनात गेली नाही, त्याचे शेतही दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ शकते. अशा शेतकऱ्याचे नाव भूसंपादनाच्या यादीत नसते, त्यामुळे मोबदल्याच्या चर्चेत त्याला कोणी बोलावत नाही. शाश्वततेची खरी कसोटी त्याच्याच शेतात लागते.

भराव म्हणजे शिवारातला आडवा बांध

आपल्या शिवारात पाणी केवळ ओढ्यानाल्यातूनच वाहते असे नाही. जोराच्या पावसात ते शेतावरून पसरून, बांधाच्या सांडीतून, पाऊलवाटेच्या खोलगटातून उताराकडे जाते. दोन-तीन मीटर उंचीचा भराव या उताराला आडवा आला, की पसरून वाहणारे पाणी भरावाच्या पायथ्याशी गोळा होते आणि जिथे मोरी असेल तिथेच बाहेर पडते. याचे दोन परिणाम होतात. वरच्या बाजूच्या शेतात पाणी तुंबते. खालच्या बाजूला, मोरीच्या तोंडाशी, पूर्वी दहा शेतांत वाटले जाणारे पाणी एकाच शेतात वेगाने उतरते आणि माती खरवडून नेते.

भारी काळ्या जमिनीत हा त्रास अधिक होतो. ही जमीन ओली झाल्यावर फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग फार कमी होतो. अशा जमिनीत पाणी दोन-तीन दिवस साचले, तरी मुळांना हवा मिळत नाही. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींचे काम मंदावते आणि पीक पिवळे पडते. तुरीत खोड व मुळे सडविणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. पावसाच्या खंडानंतर अचानक पाणी साचले, तर कपाशीत आकस्मिक मर दिसते. संत्र्याच्या बागेत पाणी बुंध्याशी राहिले, तर फायटोप्थोरामुळे मूळकूज आणि डिंक्या वाढतो. शेतकरी अशा वेळी बियाणे, खत आणि औषध यांत कारण शोधतो. रस्ता झाल्यानंतर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ठरावीक पट्ट्यातच हा त्रास सुरू झाला असेल, तर आधी मोरी तपासावी.

पंचगंगेचा अनुभव

हाच प्रश्न मोठ्या नदीच्या पूरक्षेत्रात किती गंभीर होतो, हे कोल्हापूरला दिसते. पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात येथे रस्त्यावर पाणी आले आणि महामार्ग काही दिवस बंद ठेवावा लागला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते.

आता याच महामार्गाच्या कागल–सातारा टप्प्याचे सहापदरीकरण होत आहे. रस्ता पुन्हा बुडू नये, यासाठी सरळ उपाय दिसतो तो उंची वाढविण्याचा. पण पूरक्षेत्रात रस्ता उंच करताना त्याखालून पाणी जाण्याची वाट वाढवली नाही, तर रस्ता वाचतो आणि पाणी वरच्या गावांत थांबते. म्हणूनच कोल्हापूर परिसरातील शेतकरी आणि पूरग्रस्त गावे मातीच्या भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता मागत आहेत.

या मागणीमागचे गणित अवघड नाही. नदी पुरात असते, तेव्हा ती पात्रात मावत नाही. दोन्ही काठांच्या शेतांवरून ती रुंद पसरून वाहते. पूल मूळ पात्रापुरताच बांधला आणि बाकीच्या रुंदीत भराव टाकला, तर सगळे पाणी पुलाच्या गाळ्यांकडे वळते. पुलाच्या वरच्या अंगाला पातळी थोडी चढते. याला फुगवटा म्हणतात. समजा हा फुगवटा फक्त ३० सेंटीमीटर आहे. नदीचा उतार किलोमीटरला २० सेंटीमीटर असेल, तर त्याचा परिणाम दीड किलोमीटर किंवा त्याहून पुढे जाणवू शकतो. सपाट पूरक्षेत्रात एक फूट पाणी चढणे म्हणजे कितीतरी जादा शेते पाण्याखाली जाणे. शिवाय चढलेले पाणी ओसरायलाही जास्त दिवस लागतात.

ऊस काही दिवस पाण्यात तग धरतो, हे खरे. पण शेंड्याची सुरळी बुडते, आत गाळमिश्रित पाणी शिरते आणि ते आठवडाभर राहते, तेव्हा वाढीचा कोंब कुजतो. त्यामुळे पूर चार दिवसांत ओसरला की नऊ दिवसांत, यावर तो खोडवा ठेवायचा की मोडायचा हे ठरते. भरावाचा प्रश्न इथे थेट उत्पन्नाचा होतो.

यात दुसरी बाजूही आहे. खांबांवरच्या रस्त्याला मातीच्या भरावापेक्षा कित्येक पट खर्च येतो आणि संपूर्ण महामार्ग तसा बांधणे परवडणारे नाही. महापुराला फक्त भरावच कारणीभूत आहे, असेही नाही. अतिवृष्टी, धरणांतील विसर्ग, पूररेषेतील बांधकामे अशी अनेक कारणे एकत्र येतात. म्हणून मागणी नेमकी असावी. ज्या पट्ट्यात पुराचे पाणी खरोखर आडवे वाहते, तेवढ्याच पट्ट्यात खांब किंवा जादा पूरमोऱ्या हव्यात. बाकी ठिकाणी भराव चालू शकतो. हा पट्टा ठरविताना २०१९ आणि २०२१ च्या पूरखुणा हिशेबात धरल्या आहेत का, हा प्रत्येक ग्रामपंचायतीने विचारायचा पहिला प्रश्न आहे. जुन्या पूरपातळीवर काढलेली रचना आजच्या पावसाला पुरणार नाही.

नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर-सांगलीत विरोध आहे. सुपीक बागायती जमीन जाण्याबरोबरच पुराचा मुद्दाही त्यात आहे. हा महामार्ग व्हावा की नाही, हा वेगळा विषय. पण जिथे कोठे नवी आखणी होईल, तिथे पंचगंगेचा हा अनुभव आधी वाचला गेला पाहिजे.

मोरी आहे, पण तळ वर आहे

अनेक ठिकाणी मोरी बांधलेली असते, आकारही पुरेसा असतो, तरी पाणी तुंबते. याचे नेहमीचे कारण म्हणजे मोरीची तळपातळी. मोरीचा तळ ओढ्याच्या किंवा चराच्या तळापेक्षा अर्धा मीटर वर राहिला, तर तेवढे पाणी कायम अडून राहते. वाहून आलेला गाळ तिथेच बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत अर्धी मोरी बुजते.

शिरोळ, मिरज, वाळवा या भागांतील क्षारपड जमिनींसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अनेक शेतकऱ्यांनी सच्छिद्र पाइपची निचरा प्रणाली बसवली आहे किंवा बसवण्याचा विचार करत आहेत. जमिनीखाली मीटर-दीड मीटर खोलीवरचे हे पाइप त्याहून खोल चरात किंवा ओढ्यात सोडावे लागतात. तो चर पुढे महामार्गाखालून जात असेल आणि तिथल्या मोरीचा तळ उथळ असेल, तर चरातले पाणी मागे राहते. पाइपचे तोंड बुडते आणि लाखो रुपयांची प्रणाली असूनही निचरा होत नाही. त्यामुळे अशा भागात मोरीचा तळ ठरविताना आज दिसणारा चर पाहून चालणार नाही. निचऱ्यासाठी तो उद्या किती खोल करावा लागेल, हे धरूनच पातळी ठरवावी लागते. एकदा काँक्रीट झाले, की तळ खाली नेता येत नाही. सहा पदरी रस्ता खोदून नवी मोरी टाकायला कोणी सहज तयार होत नाही.

पाइपलाइनचेही तसेच आहे. विहीर रस्त्याच्या एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला झाले, तर पाणी नेण्यासाठी भरावातून मोठ्या व्यासाचा संरक्षक पाइप टाकून घ्यावा लागतो. भराव सुरू असताना हे काम थोडक्यात होते. रस्ता झाल्यावर परवानगी, आडवे ड्रिलिंग आणि खर्च हे सगळे शेतकऱ्याच्या अंगावर येते.

माती कुठून येते?

आता दुसरा प्रश्न. वरची रुंदी ३० मीटर, उंची ४ मीटर आणि दोन्ही बाजूंना दोनास एक उतार, असा भराव धरू. त्याचा तळ ४६ मीटर रुंद होतो. एका किलोमीटरला सुमारे १ लाख ५२ हजार घनमीटर माती लागते. मोठ्या टिपरमध्ये १५ घनमीटर माती बसते असे धरले, तर या दहा हजारांहून अधिक खेपा झाल्या. ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीचे आणि ३ मीटर खोल शेततळे खोदल्यास सुमारे २,२०० घनमीटर माती निघते. म्हणजे एका किलोमीटरच्या उंच भरावात जवळपास ७० शेततळ्यांची माती सामावते.

एवढी माती कुठून तरी येणारच. टेकडी पोखरून आणली, तर मागे उघडा कडा राहतो. पिकाखालच्या शेतातून उचलली, तर खड्डा आणि नापीक मुरूम राहतो. तीच माती नियोजन करून तलाव, नाले आणि शेततळ्यांतून घेतली, तर मागे पाणी साठविण्याची जागा तयार होते.

बुलढाणा जिल्ह्यात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखविण्यात आले. तो प्रयोग 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखला जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने दिलेल्या आकडेवारीनुसार, जिल्ह्यातील ४९१ किलोमीटर राष्ट्रीय महामार्गांच्या कामासाठी तलाव, नाले आणि नद्यांतील माती वापरली गेली. त्यातून १३२ ठिकाणी मिळून ५,५१० सहस्र घनमीटर साठवण क्षमता वाढली. राज्य सरकारला खोदकामाचा वेगळा खर्च आला नाही, कारण ठेकेदाराला माती हवीच होती.

हे आकडे थोडे फोडून पाहिले पाहिजेत. १३२ ठिकाणी सरासरी काढली, तर प्रत्येक ठिकाणी सुमारे ४२ हजार घनमीटर क्षमता वाढली. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेत एका सरोवरासाठी किमान १० हजार घनमीटर क्षमतेचा निकष आहे. त्या मापाने हा फायदा चार सरोवरांएवढा होतो. दुसरीकडे, रस्त्याच्या लांबीने भागल्यास किलोमीटरमागे सुमारे ११ हजार घनमीटर माती मिळाली, असे दिसते. कमी उंचीच्या रुंदीकरणाला एवढी माती मोठा हातभार लावते. चार मीटर उंच भरावाला ती फारच थोडी पडते. म्हणून दुष्काळी, कमी भरावाच्या भागात हा पॅटर्न सर्वांत उपयोगी आहे आणि उंच भरावाच्या रस्त्यावर तो एकटा पुरणार नाही.

नाल्यावरचा पूल बांधतानाच त्याला बंधाऱ्याची जोड देण्याची, म्हणजे पूल-नि-बंधाऱ्याची कल्पनाही चांगली आहे. मात्र बरगे पावसाळा संपताना वेळेवर बसविणे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढणे कोणाकडे आहे, हे लेखी ठरलेले हवे. बरगे न काढलेला बंधारा पुरात अडथळा ठरतो आणि बरगे न बसवलेला कोरडा राहतो.

गाळ शेतात, मुरूम रस्त्यात

तलावातून निघणारे सगळेच रस्त्याला चालत नाही. ज्या मातीचा मुक्त फुगवण निर्देशांक ५० टक्क्यांहून जास्त आहे, ती महामार्गाच्या भरावात वापरू नये, असे मंत्रालयाचे तांत्रिक निकष सांगतात. आपली काळी, भेगाळणारी माती आणि तलावातील बारीक गाळ बहुतेक वेळा याच प्रकारात मोडतो. हे शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे. गाळ शेतात आणि त्याखालचा मुरूम रस्त्यात, अशी वाटणी दोघांनाही योग्य आहे. राज्यातील 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणि महामार्गाचे काम एकाच तलावावर जोडता येते.

खोदताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

- शेतातून मुरूम द्यायचा असेल, तर वरची सुपीक माती आधी वेगळी काढून ढीग करावी आणि खोदकामानंतर शेजारच्या शेतात पसरावी.
- शेततळे साठवणीसाठी की पाणी जिरवण्यासाठी, हे आधी ठरवावे. मुरमापर्यंत खोदलेल्या तळ्यात अस्तरीकरणाशिवाय पाणी टिकत नाही. विहिरींच्या पुनर्भरणासाठी मात्र ते उपयोगी पडते.
- तलावाच्या बांधाच्या पायथ्याजवळ खोदू देऊ नये. बांधाची स्थिरता धोक्यात येते.
- औष्णिक वीज केंद्रांजवळच्या कामांत भरावासाठी राख वापरली जाते. डोंगर आणि शेतजमीन वाचविण्याच्या दृष्टीने ते चांगले आहे. पण राखेच्या दोन्ही बाजूंना मातीचे जाड आवरण आणि वर गवत लागते. आवरण उघडे राहिले, तर पावसात राख शेतात आणि विहिरीत उतरते.

परवान्याशिवाय माती देऊ नका

मुरूम आणि माती ही गौण खनिजे आहेत. उत्खननाला महसूल विभागाचा परवाना लागतो. ठेकेदार तोंडी सांगतो, पैसे देतो आणि काम संपवून निघून जातो. पुढे मोजणीत परवान्यापेक्षा जास्त उत्खनन आढळले, तर नोटीस सातबारावरच्या नावाने येऊ शकते. म्हणून परवान्याची प्रत, गटनंबर, मंजूर घनमीटर आणि खोली पाहूनच संमती द्यावी. संमतीपत्रावर खड्ड्याचा आकार आणि वरची माती परत पसरण्याची अट लिहून घ्यावी.

रस्त्यांसारख्या प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून २०२० मध्ये सरसकट सूट देण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. त्यामुळे जुन्या कामांचा दाखला देऊन 'काही लागत नाही' असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये. सध्याची अट तहसील कार्यालयातून विचारून घ्यावी.

बोलायची वेळ कोणती?

राष्ट्रीय महामार्ग कायद्यात जमीन संपादनाची अधिसूचना निघाल्यावर कलम ३-क नुसार, म्हणजे इंग्रजी क्रमातील ३-सी नुसार, हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. त्याच कायद्यात मोबदला ठरविताना उरलेल्या जमिनीचे होणारे नुकसान धरण्याची तरतूद आहे. पण हे सारे ज्याची जमीन जाते त्याच्यासाठी. शेजारच्या गटात पाणी तुंबणार असलेल्या शेतकऱ्याला या मार्गाने जागा नाही.

जनसुनावणीचा मार्गही दरवेळी उघडा नसतो. सध्याच्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा जास्त लांबीचे असेल आणि त्यासाठी जुन्या आखणीवर ४० मीटरपेक्षा किंवा नव्या वळणमार्गावर ६० मीटरपेक्षा जास्त रुंदीची जादा जमीन लागत असेल, तरच पर्यावरण मंजुरीची अट लागू होते, असा बदल २०१३ मध्ये झाला. अनेक रुंदीकरणे या मर्यादेच्या आत बसतात. मग सुनावणी होत नाही आणि मोऱ्यांची यादी गावाला दिसतच नाही.

त्यामुळे गावाने स्वतःहून आधी पुढे आले पाहिजे. सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होत असताना आणि भराव पडण्यापूर्वी, या दोन वेळा महत्त्वाच्या आहेत. त्यानंतरची तक्रार बहुतेक वेळा चर काढण्यापुरती मर्यादित राहते.

ग्रामपंचायत आणि कृषी सहायकांनी करावयाची कामे

१. गाव नकाशावर ओढे, नाले, चर, पाणंद आणि पावसात पाणी पसरून वाहते त्या जागा गटनंबरासह दाखवाव्यात. जुन्या जाणत्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन शिवारफेरी करावी.

२. मोठ्या पुराच्या खुणा मंदिर, शाळा, विजेचा खांब अशा कायमच्या ठिकाणी रंगवून त्यांचे फोटो तारखेसह ठेवावेत.

३. प्रकल्प कार्यालयाकडे माहिती अधिकारात मोऱ्यांची यादी मागावी. ठिकाण, आकार, तळपातळी आणि धरलेली पूरपातळी या चार गोष्टी त्यात पाहाव्यात आणि नकाशाशी ताडून पाहाव्यात.

४. कुठे मोरी कमी आहे, कुठे तळ उथळ आहे आणि कुठे पाइपलाइनसाठी संरक्षक पाइप हवा, याचा गटनंबरनिहाय ठराव ग्रामसभेत करावा. 'पुरेशा मोऱ्या द्याव्यात' असा मोघम ठराव उपयोगाचा नाही.

५. गावातील गाळ काढायचे तलाव, खोलीकरणाला योग्य नाले आणि शेततळे हवे असलेल्या शेतकऱ्यांची यादी त्याच ठरावाला जोडावी. ठेकेदार माती शोधायला निघण्यापूर्वी ही यादी जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचली पाहिजे.

६. काम सुरू असताना पहिल्या मोठ्या पावसात भरावाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. नुकसान झाल्यास पिकाच्या पंचनाम्यात 'अतिवृष्टी' एवढेच न लिहिता पाणी कशामुळे अडले, तेही नोंदवून घ्यावे. पुढे मोरी मागताना हीच नोंद पुरावा ठरते.

महामार्ग झाल्यावर माल बाजारात लवकर पोहोचतो, जमिनीची किंमत वाढते, गावाला रोजगार मिळतो. हे फायदे खरे आहेत आणि म्हणूनच रस्त्याला सरसकट विरोध करून भागत नाही. पण अभियंत्याच्या नकाशावर ओढा ही एक रेघ असते. जुलैच्या पावसात ती रेघ किती रुंद होते, हे गावालाच माहीत असते. ही माहिती भराव पडण्यापूर्वी लेखी स्वरूपात त्याच्या टेबलावर पोहोचवण्याचे काम गावाचे आहे.